दुसरी गोळी

दिवा राहू दे मालवलेलाच. ही गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, आमच्या भावोजींची. पोलिसांच्या शस्त्रागारात ते बंदुका दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. तिथल्या रायफली जुन्या महायुद्धातल्या, पणजोबाच्या वयाच्या. भावोजी म्हणायचे, "माणूस अठ्ठावन्नाला घरी जातो, हिला मात्र निवृत्ती नाही."

सतरा तारीख, मंगळवार, रात्रीचे साडेआठ. साहेबांचा निरोप आला. चौकीवरून परत आलेल्या रायफलीत काडतूस अडकलंय, ते काढून ठेवा. आणि सकाळी चौकशीत लिहून द्या, बंदूक ठीक होती, शिपाई घाबरला.

तो शिपाई दोन दिवसांपूर्वी चौकीवरच्या हल्ल्यात गेला होता. चोवीस वर्षांचा, ताडमाड उंच. सगळे त्याला उंट म्हणत. त्याची एकच गोळी सुटली. दुसरी सुटलीच नाही.

कारण भावोजींना ठाऊक होतं. उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा आकडा झिजला होता; पुंगळी आतच राहिली की दुसरी गोळी शिरत नाही. महिन्यापूर्वी उंटानेच तो आणून दाखवला होता. सुटा भाग मिळत नव्हता. "चालेल रे अजून," म्हणत भावोजींनीच रायफल त्याच्या हातात परत दिली होती.

नोकरीची चार वर्षं उरलेली, घरात दोन मुली. साहेब म्हणतात तसं लिहायचं, हे ठरवूनच ते निघाले.

कुलूप काढलं. रायफल टेबलावर घेतली. पुंगळी बाहेर काढायला बोल्टची दांडी ओढली. हलेना. पुन्हा ओढली.

दारातून कुणीतरी वाकून आत आलं.

"मिस्त्री..."

भावोजींनी मान वर केली नाही. आवाज ओळखीचा होता.

"मीपण अशीच ओढली. तुम्ही शिकवलंत तशी... सात वेळा."

बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं.

"आईला सांगतायत, मी घाबरलो..."

भावोजींनी दांडी पुन्हा धरली.

"मिस्त्री... माझं काय चुकलं?"



"तुझं नाही रे बाळा," भावोजी कसंबसं म्हणाले. "माझं चुकलं."

मग त्यांनी वर पाहिलं.

कुणी नव्हतं.

सकाळी त्यांनी खरं ते लिहून दिलं. नोकरी गेली. उंटाच्या आईला सांगायला भावोजी स्वतः गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "फार वेळ लागला का हो त्याला?"

तो प्रश्न भावोजींना रात्री उठवत राहिला. शेवटपर्यंत.

पुढे कुठून तरी नवा आकडा मिळाला. रायफल पुन्हा ड्युटीवर गेली. दुसरी होतीच कुठे?

गेल्या उन्हाळ्यात एका बँकेच्या दारात पहाऱ्यावरचं पोर भेटलं. भावोजींच्या तोंडून शंभरदा ऐकलेला रायफलीचा नंबर पाहिला. तीच. पोर म्हणालं, "काका, गाल टेकतो ना, तिथलं लाकूड रोज सकाळी ओलं असतं. पुसलं तरी."

मी बोट फिरवलं. जिभेला लावलं...

खारट होतं.