एक कोटी एक

लातूरहून नांदेडला निघालेल्या बसमध्ये दामिनीच्या शेजारी येऊन बसलेला तरुण कडक इस्त्रीच्या शर्टात होता, आणि डोळे मिटून जप करत होता, "एक कोटी एक... कशानंच भाग जात न्हाई. एक कोटी एक..."

दामिनी दचकली. हा तर तिचाच प्रश्न! नांदेडच्या कॉलेजात ती गणित शिकवायची आणि बघायला आलेल्या प्रत्येक मुलाला विचारायची, 'एक कोटी एकला कशाने भाग जातो?' एकाने पगार सांगितला होता. दुसरा म्हणाला होता, बाबांना विचारून कळवतो. आज संध्याकाळी शेवटचं स्थळ. यालाही नकार दिलास तर पुढचा मुलगा मीच ठरवणार, असं वडिलांनी बजावलं होतं. लातूरला पेपर तपासून ती त्यासाठीच परत निघाली होती.

"कुठले तुम्ही?"

"औशाचा. रामलिंग. पोरगी बघायला चाललोय."

"एकटेच?"

"जीपमधी मामा, मावश्या, शेजारी बसले. मला जागाच उरली न्हाई."

"फोटो तरी बघितलात?"

"मामाच्या मोबाइलमधी हाय. म्हनले, तुला काय करायचंय?" तो जवळ सरकला. "तिचा प्रश्न फुटलाय, ताई. उत्तर मात्र माझं. आहेराला वर एक रुपया कशाला ठेवतात? आकडा तुटू नये म्हणून! एकशे एक तुटत न्हाई. मग एक कोटी एक कसा तुटंल?"

अख्ख्या मराठवाड्याची लग्नं याच सिद्धांतावर लागली होती.

"एक हजार एक सातानं भागून बघा."

तो बोटांवर पुटपुटला. "एकशे त्रेचाळीस... बाकी—" चेहरा उतरला. "भावाच्या लग्नात हजार एकाचा आहेर केला होता, ताई."

"तुटका. आणि ताई नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"...सध्या काहीच नको." तिचे कान तापले. खिडकीतून ऊन येतंय, असं तिने ठरवून टाकलं.

उत्तर सांगता आलं असतं. पण मग संध्याकाळी बघायचं काय? चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. तिचं पेन घेऊन तो तळहातावर भागाकार करत राहिला. घामाने आकडे पुसले, की पुन्हा पहिल्यापासून. लोह्याजवळ मात्र पेन थांबलं आणि तो स्वतःशीच हसला. काय मिळालं, ते तिने विचारलं नाही. धीर झाला नाही.

संध्याकाळी दामिनी चहा घेऊन आली, तसा रामलिंग उठूनच उभा राहिला. मामांनी शर्ट ओढून त्याला खाली बसवलं.

"एक कोटी एकला कशाने भाग जातो?"

"कशानंच न्हाई म्हण," मामा कुजबुजले.

"अकरानं जातो," रामलिंग म्हणाला. मामांनी कपाळावर हात मारला. "उरतात नऊ लाख नऊ हजार एक्क्याण्णव. त्याला कशानं जातो, ते बघायलोय. सत्तेचाळीसपर्यंत आलोय... लई वेळ लागंल."

त्याला कशानेच जात नाही, हे दामिनीला ठाऊक होतं. तिने सांगितलं नाही.

"लागू द्या," ती म्हणाली. "रोज थोडं थोडं बघू. दोघं मिळून."