डाव्या बाजूची गादी

पिशवी रिकामी होती.

मोटारीच्या पुढच्या डाव्या सीटचं कातडं उसवून इंदुमतीने काथ्या बाजूला केला, तेव्हा स्प्रिंगांच्या मधोमध बांधलेली मेणकापडाची ती पिशवी सापडली. आत फक्त पाकिटाचा एक फाटका कोपरा होता. त्यावर लिहिलं होतं, ‘सौ. इंदुमती’.

अक्षर शरदचं. तिच्या नवऱ्याचं.

तिला रडू आलं नाही. तिने कात्री मिटून फरशीवर ठेवली.

शरद एक्केचाळीस साली पलटणीबरोबर मलायात गेला. त्याला अकरा वर्षं झाली, आणि त्याची एक चिठ्ठी नाही. बड्या गणपतीजवळच्या या माहेरी ती रोज सकाळी कुंकू लावत होती, आणि ते जिवंत माणसासाठी की मेलेल्यासाठी, हे तिला ठाऊक नव्हतं. आधी जीव तुटायचा. आता काहीच व्हायचं नाही.

म्हणजे पत्रं आली होती. कुणीतरी ती इथे लपवली, आणि कुणीतरी इथून नेली.

मोटार तिच्या वडिलांची, शंकररावांची. होळकरांच्या हुजूर दफ्तरात त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर ते रोज तासभर अंगणातल्या मोटारीत, पुढे डावीकडे, नुसते बसून राहायचे. दीड महिन्यापूर्वी तिथेच त्यांना अर्धांगाचा झटका आला. पुढे नऊ दिवस तोंडातून दोनच शब्द, ‘गादी गेली’. नातेवाईक समजूत घालायचे, होय हो, गेली गादी, आता मध्यभारत झालं. तसतसे म्हातारबा चांगला हात पलंगावर आपटायचे. संस्थान विलीन झाल्याचा धक्का, असं डॉक्टरही म्हणाले. चार वर्षं उशिरा पोचलेला धक्का! पण कुणी शंका घेतली नाही. इंदुमतीनेही नाही.

वडील गेल्यावर हात रिकामे पडले. सीटा उंदरांनी खाल्ल्या होत्या, म्हणून तिने त्या घरीच नव्याने शिवायला काढल्या. मुलींच्या शाळेत ती शिवण शिकवायची.

“अगं, खाली-पीली कशाला उसवतेस? राहू दे ना,” थोरला भाऊ लक्ष्मीकांत सकाळपासून दोनदा म्हणाला होता. तो सरकारी कचेरीत हेडक्लार्क. रविवार असूनही तो ओसरीवर कचेरीच्या फायली शिवत बसला होता.

इंदुमतीने छावणीतून मारुतीला बोलावणं पाठवलं. मारुती त्यांचा ड्रायव्हर. म्हाताऱ्याकडे लक्ष दिलं नाही म्हणून लक्ष्मीकांतने झटक्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं होतं.

“ही सीट तू उघडली होतीस?” तिने विचारलं.

“नाही बाईसाब, कसम से. साबची गादी होती ती. मी फक्त झटकायचो.”

“गादी?”

“साब असंच म्हणायचे ना. सीट म्हटलं की नाराज व्हायचे.”

इंदुमतीने उघड्या स्प्रिंगांकडे पाहिलं.

“त्या दिवशी नेमकं काय झालं?”

“साब बसले. मग खाली हात घालून शिवण चाचपली, आणि ‘गादी गेली’ म्हणून ओरडले. मी पानी आणायला पळालो.”

“हे कुणाला सांगितलंस?”

“भियासाबला. त्याच दिवशी शामला. दुसऱ्या दिवशी माझी छुट्टी.”

तिने दोन्ही सीटांची कातडी उलटी करून शेजारी ठेवली. उजवीची शिवण मोच्याची होती, बारीक, सलग. डावीची वेगळी. बोटाने चाचपत ती टोकापर्यंत गेली. मग उठून ओसरीवर आली.

“दादा, डावी सीट तू उघडलीस?”

“मी? मला सुई तरी धरता येते का? त्या मारुतीला पूछ ना.”

“सुई नाही, दाभण. मोची दोरा तोडत नाही, दादा. आणि घरची बाई असती तर तिने धावदोरा घातला असता. तिथे तीन भोकं आणि मधल्यावर गाठ आहे. परत तीन भोकं, परत मधे गाठ. शेवटपर्यंत तसंच.” तिने त्याच्या मांडीवरची फाईल उलटी केली. तीन भोकं, मधे गाठ. “जन्मभर फायली शिवल्यास. चोरीसुद्धा तशीच शिवलीस.”

लक्ष्मीकांतने दाभण खाली ठेवलं.

“बाबा राज्यासाठी रडत नव्हते,” ती म्हणाली. “गादीतली पत्रं गेली, हे मला सांगत होते. ते फक्त मारुतीला कळलं असतं, म्हणून तू त्याला काढलंस.”

“उंदराचा वास येत होता म्हणून उघडली मी,” तो पुटपुटला. “पत्रं बाबांनीच दाबली, इंदू. जावई आझाद हिंद फौजेत होता हे कळलं असतं तर दरबारची नोकरी गेली असती. पुढे भीती संपली, पण तोवर त्याला तुझ्या नावाने इतकं खोटं कळवून झालं होतं की...”

“आणि तू?”

“तुझ्या पद्मजावहिनीला दम्याने उठवत नाही. चार पोरं आहेत. तू गेलीस तर हे घर कोण बघणार?”

त्याने फायलींच्या गठ्ठ्याखालून सात पत्रं काढली. जाळता आली असती, पण कागद नष्ट करायची कारकुनाला सवय नव्हती. ती त्याने तारखेनुसार लावली होती.

शेवटचं पत्र याच संक्रांतीचं, नागपूरहून. ‘तुझे वडील लिहितात, तुला यायचं नाही. ते तुझ्या हातचं एका ओळीत कळव. तोपर्यंत मी वाट बघणार.’

तिने राग येण्याची वाट पाहिली. तो आला नाही. तिने पत्रं पदरात बांधली आणि अंगणात उतरली.

“मारुती, नागपूरला जायला खंडव्याची गाडी मिळेल? मोटार स्टेशनपर्यंत जाईल?”

“जाईल बाईसाब. बॅटरी बैठ गयी आहे, धक्का लागेल. पण गादी?”

“नको गादी.”

ती डाव्या बाजूच्या उघड्या स्प्रिंगांवर बसली. मारुतीने स्टिअरिंग धरलं. लक्ष्मीकांत ओसरीवरून बघत उभा होता.

“दादा,” ती मागे न बघता म्हणाली, “धक्का दे.”

त्याने एकदा घराकडे पाहिलं, आणि तो मोटारीच्या मागे गेला.