रिकाम्या बॉबिनचे ठोके

गावात टँकरवरून भांडणं आणि आजोबांच्या, चेअरमन सुंदररावांच्या ओसरीवर दिवसभर माणसं. म्हणून शिवकन्या आपला चेलो घेऊन त्यांच्याच बंद सूतगिरणीत सरावाला गेली. शिरूरकडच्या माळावर गिरणी एकटीच उभी होती. दुष्काळ हटला की गिरणी चालू होईल, यंत्रं तेल घालून तयार ठेवलीत, असं सुंदरराव प्रत्येक सभेत सांगायचे. टाळ्याही पडायच्या.

चेलोची पेटी बघून राखणदार बंकट हसला. "अक्का, ह्यात एक मानूस आरामात झोपंल की!"

ऑफिसात तिनं खुर्ची मांडली. आठवड्यावर मुंबईचा कार्यक्रम आला होता. नव्या धाटणीचा चेलो कन्चेर्टो, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासमोर एकटीनं वाजवायची रचना. त्यात तालाचं माप सारखं बदलायचं. सात मात्रा, मग पाच, मग तीन. पाचावर आली की तिची लय पळायची. "पुन्हा पळालीस तर तुझ्या जागी दुसरी बसेल," वाद्यवृंदाच्या संचालकांनी बजावलं होतं.

भर दुपारी माळावर पाखरू नव्हतं. ती पाचावर आली आणि भिंतीपलीकडून ठोका पडला. लोखंडावर लाकूड आपटावं तसा. टक्... टक्...

ती थांबली. ठोकाही थांबला.

बंकटमामा चेष्टा करतोय? की भंगारवाले आत सोडून यंत्रं खोलवतोय? ती पुन्हा वाजवायला लागली. पुन्हा ठोके. तिनं मुद्दाम एक मात्रा गाळली. ठोका आपल्या जागी ठाम. त्याला धरून वाजवलं, तर पाच मात्रा पहिल्यांदाच नीट बसल्या. संशय होताच, पण हाताला तो ठोका सोडवेना.

मग ठोके वाढले. दोन ठिकाणांहून, चार ठिकाणांहून. कच्च्या कापसाचा आणि तापलेल्या तेलाचा वास आला.

"मामा! आत कुणाला घुसवलंत?"

बंकट उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "दार उघडून बघा की."

तिनं मधलं दार ढकललं. लांबलचक शेड रिकामी होती. फरशीत नुसते बोल्ट उरले होते.

"यंत्रं कुठायत?"

"कवाच इकली. पावसाची वाट कावून बघतील? चेअरमनसायबांनाच इचारा."

"मग ठोकतंय कोण?"

बंकटचा आवाज खाली आला. "मशिनींच्या घरघरीत वरडलेलं ऐकू जात नसायचं, अक्का. कुनी अडकलं की कामावरच्या बाया सुताची रिकामी लाकडी बॉबिन लोखंडावर हाणायच्या. म्हंजी, बंद करा. त्यातल्या मनकर्णाचा पदर मशिनीत गेला, तवा समद्या हाणीत होत्या... पर त्या दिशी मोठे सायेब बघाया आलते. चेअरमन म्हनले, चालू ऱ्हाऊ द्या. मनकर्णा तितंच गेली."

"पण मी वाजवल्यावरच का?"

"तुमी थांबावं म्हून..."

तिनं शेडकडं एकदा पाहिलं. पण लय आत्ता कुठं हाताला लागली होती. "एकदाच," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

ठोक्यांचा नुसता कल्लोळ उसळला. त्यातून वाट काढत ती वाजवत राहिली. सात, पाच, तीन, पुन्हा पाच. एकही मात्रा पळाली नाही. शेवटचा सूर संपवून तिनं गज उचलला.

या वेळी ठोके थांबले नाहीत.

उंबऱ्यावर बंकट हात हलवत होता. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं; शेडमधून उठलेल्या घरघरीत एक शब्द ऐकू येईना.

ती उठली. ओढणी उठली नाही. तिचं टोक मधल्या दारातून रिकाम्या शेडमध्ये गेलं होतं, आणि गळ्याशी ताण येत होता. हळूहळू. अगदी लयीत.