सोनेरी तेलाची बाटली

"तंबू माझा, दोरी शंकाची आणि बिस्किटांचे पुडे टिचकीचे!" पाल्हाळने जाहीर केलं. "सकाळच्या पहिल्या लाँचने पलीकडे जायचं. उतरलं की डावीकडे वळायचं. तिथे एक मोठा दगड आहे, आणि त्या दगडाची गंमत अशी की..."

"दगडाची गंमत दगडापाशी गेल्यावर सांग!" टिचकी म्हणाली.

"पण लाँचवर तंबू नेऊ देतात कशावरून?" शंकाने विचारलं.

तिघांची खरी नावं शाळेच्या हजेरीपुरती होती. पाल्हाळ एका वाक्याची दहा करायचा. शंका शेजारी राहायची आणि उजाडलं म्हटलं तरी 'कशावरून?' म्हणायची. टिचकी अंगाने एवढीशी. ती पाल्हाळची मावसबहीण, सुट्टीला मावशीकडे आलेली. आणि मावशी म्हणजे नदीवरच्या लाँचची चालक! यंदा सुकाणूशेजारी बसवीन असं तिने टिचकीला गेल्या सुट्टीत कबूल केलं होतं. टिचकीने वर्षभर शाळेत त्याची फुशारकी मारली होती.

मावशी कामावरून आली, हात धुतले आणि बेत ऐकून तिथेच थबकली.

"कुठल्या लाँचने जाणार?"

"तुझ्याच!" तिघं एका सुरात ओरडली.

"माझ्या लाँचवर तुम्ही तिघांनी पाय ठेवायचा नाही."

ती रागावली असती तर टिचकीने लाडीगोडी लावली असती. पण मावशी रागावली नव्हती, घाबरली होती. घाबरलेल्या मोठ्या माणसाला लाडीगोडी कशी लावायची ते टिचकीला माहीत नव्हतं.

"इंजिनातून टकटक येतेय," मावशी खुर्चीत बसत म्हणाली. "दोनदा सांगितलं, तेल बदला. आमचे साहेब म्हणतात, तेल तपासून आलंय, उत्तम आहे."

"तेल तपासतात?" शंकाने विचारलं. "ते कसं?"

"पूर्वी इंजिन ठरावीक तास चाललं की तेल बदलायचे. आता थोडं तेल बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथले लोक सांगतात, हे अजून चालेल की बदला. पद्धत चांगली आहे गं, चांगलं तेल उगाच कशाला फेकायचं? पण वर्षभर बाटल्या जातायत, दर वेळी 'उत्तम'! वर्षभरात तेल बदललेलंच नाही. मी म्हणजे कटकटी बाई ठरलेय."

"मग तू चालवूच नकोस ना, आई!" पाल्हाळ म्हणाला. त्याचं एवढं छोटं वाक्य टिचकीने पहिल्यांदाच ऐकलं.

"मी उतरले तर दुसऱ्या कुणाला तरी बसवतील. त्याला ती टकटक कळणारसुद्धा नाही. भर धारेत इंजिन बंद पडलं तर लाँच वाहत जाऊन सरळ खालच्या बंधाऱ्यावर आदळेल. माणसांनी भरलेली असते रे."

"पण नांगर असतो ना?" शंका म्हणाली.

"तळाला धरला तर धरला," मावशी म्हणाली आणि उठून पोळपाट घेऊन बसली. त्या संध्याकाळी तिच्या पोळ्या करपल्या, आणि सगळ्यांनी त्या तशाच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तिघं धक्क्यावर गेली. लाँच दोन फेऱ्यांच्या मध्ये उभी होती. इंजिनाची देखभाल करणाऱ्या फिटरकाकांनी तेल मोजायची सळई, म्हणजे डिपस्टिक, उपसली, तेल किती आहे ते पाहिलं आणि फडक्याला पुसली. फडकं डांबरासारखं काळं झालं.

"तेल भरपूर आहे!" काका खुशीत म्हणाले. ते होतेच खुशमिजाज. धक्क्यावरची प्रत्येक मूठ आणि प्रत्येक कडी ते घासूनपुसून लखलखीत ठेवायचे.

त्यांच्या कामाच्या खोलीत टेबलावर एक छोटी बाटली होती. तिच्यावर लाँचच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि आतलं तेल मधासारखं सोनेरी चमकत होतं.

टिचकीने एकदा बाटलीकडे पाहिलं आणि एकदा फडक्याकडे. "काका, हे कुठलं तेल?"

"आपल्या लाँचचं! उद्या तपासायला जायचंय."

"पण लाँचमधलं तर काळंकुट्ट आहे!"

"म्हणून तर नव्या डब्यातलं भरलंय!" काका हसले. "अगं, एवढे शिकलेले लोक तिथे, पांढरे कोट घालून बसतात. त्यांच्यासमोर ते काळंबेंद्रं तेल ठेवायचं? आपल्या धक्क्याची काही इज्जत आहे की नाही? पाहुणे यायचे म्हटलं की आपण घर आवरतो ना?"

तिघं आ वासून बघत राहिली! काकांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. आपण फार शहाणपणाचं काम करतो अशीच त्यांची समजूत होती.

"आणि तो पंप कशाला?" शंकाने फळीवर बोट दाखवलं. प्रयोगशाळेने दिलेल्या खोक्यात रिकाम्या बाटल्यांशेजारी एक छोटा हातपंप होता, प्लॅस्टिकच्या सीलबंद पिशवीत.

"असेल कशाला तरी. त्यांनी दिला, मी जपून ठेवलाय. धूळसुद्धा बसू दिली नाही!"

बाहेर येताच पाल्हाळ पुटपुटला, "म्हणजे वर्षभर नवं तेल तपासलं जातंय! आणि नवं तेल उत्तम असणारच. आणि तिथून 'उत्तम' आलं की साहेब म्हणणार..."

"थांब," शंका म्हणाली. "लाँचमधलं तेल काळं आहे, म्हणजे बिघडलंच कशावरून? कदाचित ठीकही असेल."

"ते कुणाला माहीत आहे?" टिचकीने विचारलं.

शंका विचारात पडली. "कुणालाच नाही," ती म्हणाली. टिचकीला तेच सगळ्यात भयंकर वाटलं.

त्यांनी धावत जाऊन मावशीला सांगितलं. मावशी तडक साहेबांच्या खोलीत गेली. तिघं खिडकीखाली उकिडवी बसली. आता सगळं मार्गी लागणार असं टिचकीला वाटत होतं. साहेबांनी काकांना बोलावून घेतलं.

"बाटली इंजिनातूनच भरता ना?" साहेबांचा आवाज करडा होता.

मग काकांचा आवाज आला, अगदी बारीक. "हो, साहेब."

"ऐकलंत, बाई? पोरासोरांच्या सांगण्यावरून तुम्ही जुन्या माणसावर आळ घेता! पुन्हा तक्रार आली तर मला दुसरा चालक बघावा लागेल."

मावशी बाहेर आली. तिने मुलांकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपी डोक्यावर ओढली आणि पुढच्या फेरीसाठी लाँचवर चढली. टिचकीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं काय ते माहीत असून त्याचा काही उपयोग नव्हता. दहा-अकरा वर्षांच्या माणसाचं कोण ऐकणार?

"ऐकणार नाहीत ना?" ती नाक पुसत म्हणाली. "मग खरं तेलच पाठवू!"

पाल्हाळच्या माशांच्या टाकीसाठी आणलेली कोरी नळी निघाली. घरातून औषध पाजायची सिरिंज आली. संध्याकाळी शेवटची फेरी संपली, मावशी किल्ली द्यायला कार्यालयात गेली आणि फिटरकाका हातपाय धुवायला गेले. इंजिन अजून गरम होतं.

"लाँचवर पाय ठेवायचा नाही असं आई म्हणालीय," पाल्हाळने आठवण केली.

"पाय कोण ठेवतंय?" टिचकी म्हणाली आणि धक्क्यावरून पोटावर सरपटत लाँचवर गेली!

डिपस्टिकच्या भोकातून तिने नळी आत सोडली आणि सिरिंज ओढली. काळं गरम तेल हळूहळू वर आलं. इकडे शंकाने खोक्यातली एक रिकामी बाटली आणली आणि सोनेरी बाटलीवरची चिठ्ठी अलगद सोडवून तिच्यावर चिकटवली.

"तो पंप आणला असतास तर हात तरी भाजले नसते!" टिचकी कुरकुरली.

"त्याला हात लावायचा नाही. आहे तसा राहू दे."

"का?"

"कशावरून ते मलाही नक्की माहीत नाही," शंका म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने स्वतःला तो प्रश्न विचारला असावा.

सोनेरी बाटली त्यांनी लपवली. सकाळी काका कामावर यायच्या आत प्रयोगशाळेची गाडी आली आणि टिचकीने काळी बाटली गाडीवाल्याच्या हाती दिली, आणि मग वाट बघण्याचे दिवस सुरू झाले. ते दिवस संपता संपेनात. टिचकी धक्क्याच्या पायरीवर बसून राहायची. लाँच सुटली की ती उठून उभी राहायची आणि परत टेकेपर्यंत बसायची नाही. आता तिलाही टकटक ऐकू येत होती. शाळकरी मुलं, सायकलवाले, टोपलीत मांजर घेतलेली एक आजी, सगळे हसतखेळत त्या लाँचमध्ये चढायचे. 'चढू नका!' असं ओरडावंसं तिला वाटायचं. ओरडली असती तर मावशीची नोकरी गेली असती, आणि लाँच तरीही सुटलीच असती.

"गूळ-शेंगदाणे खातेस?" पाल्हाळ विचारायचा. ती लाँचवरची नजर न काढता मान हलवायची.

एका दुपारी स्कूटरवरून एक ताई आल्या. हेल्मेट काढत त्यांनी विचारलं, "या लाँचचे साहेब कुठे आहेत? फोन कुणी उचलतच नाही! मी प्रयोगशाळेतून आलेय."

साहेब जेवणाच्या डब्यावरून उठून आले. फिटरकाकाही आले.

"इंजिन ताबडतोब बंद करा," ताई म्हणाल्या. "तेलात पाणी सापडलंय आणि बेअरिंगचा धातूही. आतले भाग झिजतायत."

"काहीतरीच काय? वर्षभर उत्तम, आणि आज एकदम?"

"आम्हालाही नवल वाटत होतं. इतकं चाललेलं इंजिन आणि तेल नव्यासारखं! नमुना कसा घेता ते कळवा, असं दर वेळी लिहिलं होतं."

"मी फक्त शेवटची ओळ वाचतो," साहेब म्हणाले आणि जरासे गोरेमोरे झाले.

टिचकीला राहवलं नाही. "ही बाटली आम्ही भरली! खऱ्या इंजिनातून! काका नव्या डब्यातून भरायचे!"

"कशाने भरलीत?" साहेबांनी डोळे बारीक केले.

"माशांच्या टाकीच्या नळीने," पाल्हाळ अभिमानाने म्हणाला. "म्हणजे टाकीतली नाही, टाकीसाठी आणलेली, त्याचं असं झालं की..."

"माशांची टाकी!" साहेब गरजले. "म्हणून तेलात पाणी निघालं! ताई, पोरांनी चावटपणा केलाय. हा नमुनाच खोटा आहे."

"नळी कोरी होती!" टिचकी ओरडली.

ताई गोंधळल्या. "नळी ओली असेल तर पाण्याचं मी सांगू शकत नाही. पण धातू..."

"बस्स! ज्या बाटलीला पोरांचे हात लागले तिच्यावर मी लाँच थांबवणार नाही."

तेवढ्यात लाँच धक्क्याला टेकली. टक, टक, टक. उतारू उतरले आणि रांगेतले लोक चढू लागले. मांजरवाली आजीही चढली. टिचकी जागच्या जागी खिळली. खरं बोलून तिनेच सगळ्याचा विचका केला होता! सुकाणूपाशी उभी मावशी तिच्याकडे बघत होती आणि टिचकीला मान वर करवत नव्हती.

"काका," शंकाचा आवाज आला, नेहमीसारखाच शांत. "इंजिनातून तेल काढायला पंप लागतो ना? तुम्ही इतक्यांदा काढलंत. तो पंप जरा दाखवता?"

काकांनी साहेबांकडे पाहिलं.

"आणा की," साहेब म्हणाले. "दाखवा म्हणजे तोंडं बंद होतील यांची."

काका खोलीत गेले आणि पंप घेऊन आले. तो सीलबंद पिशवीत होता, वर्षापूर्वी आला तसा. एका कोपऱ्यालाही नख लागलेलं नव्हतं.

साहेबांनी पिशवी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"साहेब," काका खाली मान घालून म्हणाले, "मुलं खरं बोलतायत. मी नव्या डब्यातलंच पाठवत होतो. घाण तेल पाठवायची मला लाज वाटायची. आणि त्या दिवशी तुमच्यासमोर खरं सांगायची वाटली."

मावशीने कुणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. तिने इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून खिशात टाकली. "सगळे खाली उतरा," ती उतारूंना म्हणाली. "ही फेरी होणार नाही."

काकांनी स्वतःच्या हाताने पिशवी फाडली. ताईंनी सर्वांदेखत पंपाने तेल काढलं आणि एक थेंब टीपकागदावर सोडला. "काळं असणं हा दोष नाही," त्या म्हणाल्या. "चाललेल्या इंजिनाचं तेल काळं होतंच. पण हे बघा." काळ्या डागात चमकीसारखे बारीक कण होते. साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं.

इंजिन उघडलं तेव्हा आतली बेअरिंगं कागदासारखी पातळ झालेली निघाली. आणखी थोडं चाललं असतं तर भर धारेत जाम झालं असतं.

"शाबास, मुलांनो," साहेब घसा खाकरून म्हणाले. "यापुढे मी पहिल्या ओळीपासून वाचेन." आणि मावशीकडे वळून त्यांनी माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. ताईंनी बजावलं, "काही काळ जुन्या हिशेबाने ठरल्या वेळी तेल बदला. खरे नमुने येऊ देत. मग किती दिवसांनी बदलायचं ते तेलच सांगेल."

लाँच दुरुस्तीला गेली आणि मुलांची सुट्टीही तिच्याबरोबरच गेली. तंबूची घडी उलगडलीच नाही. मोठ्या दगडाची गंमत पाल्हाळने घरीच सांगितली. ती इतकी लांबली की शंका झोपून गेली.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी लाँच परत पाण्यात उतरली. चाचणीची फेरी झाल्यावर फिटरकाका हातात बाटली घेऊन धावत आले. "टिचके, बघ! काळं पडायला लागलंय! खास इंजिनातलं!" एखाद्या बक्षिसासारखी ती बाटली त्यांनी उन्हात धरली होती.

टिचकी धक्क्याच्या कडेला थांबली होती, पायरीच्या अलीकडे. इंजिन एका लयीत चालू होतं. तिने कान देऊन ऐकलं. टकटक नव्हती.

मावशीने सुकाणूवरचा एक हात सोडला आणि तिच्यापुढे केला.

"सरपटत येऊ नकोस हं," ती म्हणाली. "पाय ठेव."