काल्मानचं गाणं

"मला वेड लागलं असेल तर तसं तोंडावर सांगा," एतेल म्हणाली. "आणि नसेल लागलं, तर आज संध्याकाळी तो बोलावेल तेव्हा मला धरून ठेवायला कुणीतरी द्या."

सिदोनिया व्हेर्मेशने चहाचा कप खाली ठेवला. तीस वर्षं ती बुडापेस्टमधले पियानो सुरात लावत हिंडली होती. आता त्याच कानांनी लोकांचं खोटं ऐकून पकडायची आणि त्याचीच फी घ्यायची. तिच्या शेजारी बसलेला देझो हा निवृत्त ट्राम तपासनीस. बिनतिकिटाचा माणूस तो शंभर पावलांवरून ओळखायचा. त्यापलीकडे मात्र त्याच्या डोक्यात उजेड जरा सावकाश पडायचा.

"कोण बोलावतो?" देझोने विचारलं.

"माझा नवरा. आज वर्ष झालं त्याला बुडून."

एतेल 'शिराय' नावाच्या बोटीवर स्वयंपाकीण होती. रोज संध्याकाळी बोट डॅन्यूबवर दोन तास फिरायची. पाहुण्यांना माशाचा रस्सा मिळायचा आणि बँड ऐकायला मिळायचा. तिचा नवरा काल्मान त्या बँडचा म्होरक्या, पहिला व्हायोलिनवाला. त्याचं प्रेत सापडलंच नाही. धक्क्याच्या पायरीवर फक्त त्याची टोपी मिळाली होती.

"त्या रात्री मला कळलं, की तो पिऊन खाली दोरखंडांत पडलाय. माझं डोकंच फिरलं. बोट धक्क्याला लागली, तरी मी त्याला उठवलं नाही. मुद्दाम. म्हटलं, पडू दे तिथंच. तो मागून धडपडत आला असेल, पायरीवरून घसरला असेल. मीच मारलं त्याला. पोलिसांनी तसं लिहिलं नाही, एवढंच."

"आणि बोलावतो म्हणजे?"

"तीन आठवडे झाले. मार्गित बेटाचं खालचं टोक आलं की पाण्यातून त्याचं गाणं येतं. त्याचं स्वतःचं. सगळ्यांना ऐकू येतं, पाहुण्यांना वाटतं कार्यक्रमातलंच आहे. मी हातातलं टाकून डेकवर धावते. गुरुवारी माझा एक पाय कठड्यावर होता."

देझोने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"परत खाली येते तर रस्सा मोडलेला," ती पुढे म्हणाली. "माशाच्या रश्श्यात मी जन्मात कधी डाव घातला नाही. रश्श्याची किटली म्हणजे टांगता हंडाच; कडीला धरून हलवायची, गोल फिरवायची, बस. पण येऊन बघते तर माशाचा पार भुगा आणि डाव ओला. तो येऊन जातो, बाई. माझ्या चुलीपर्यंत येतो."

सिदोनियाने एकच प्रश्न विचारला. "गाणं सुरू झाल्यावर तुम्ही कधी खाली थांबलात?"

"कशी थांबणार?"

"बरोबर. आजही थांबू नका. देझो, कोट घाल."

*

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. मृतांच्या दिवसाच्या मेणबत्त्या काठावर अजून जळत होत्या. नदीवर धुकं साचलं होतं आणि 'शिराय'चे दिवे त्यात पिवळट दिसत होते. बोट सुटायला तास होता.

कप्तान लोरांट सुकाणूच्या चाकाच्या खोलीत भेटला. माणूस धिप्पाड, पण डोळे सारखे पाण्याकडे वळत होते.

"मध्यंतरात तुम्ही इथेच असता?" सिदोनियाने विचारलं.

"नाही. पूल ओलांडला की बँड थांबतो आणि रस्सा वाढतात. मी चाक मदतनिसाकडे देऊन कॉफीला उतरतो. रस्सा मात्र इथला खात नाही हं. आम्ही सेगेदचे, टिसा नदीवरचे. इथल्यासारख्या शेवया रश्श्यात घालणं आमच्याकडे पाप."

"गाणं रोज वाजतं?"

"रोज. एकदाच चुकलं. बेटाच्या पेस्टकडच्या अंगाला एक तराफा अडकला होता, म्हणून वर जाताना पलीकडच्या, बुडा शहराकडच्या अंगाने गेलो. मध्यंतर झालं, काही नाही. म्हटलं, सुटलो एकदाचे! येताना वाट मोकळी झाली होती, नेहमीच्या अंगाने उतरलो. टोक आलं, आणि बँड वाजत असताना त्याच्या खालून..." त्याने छातीवर क्रुसाची खूण केली.

"काल्मानशी तुमचं जमायचं?"

"का नाही? उलट शेवटच्या दिवशी मीच त्याच्या गळ्यात नको ते काम घातलं. म्हटलं, ते टेबलाएवढं त्सिंबालोम बँडमध्ये काय कामाचं? विजेचा पियानो आणू. तो म्हणाला, 'मी सांगतो.' मग तो गेला, आणि ते तसंच राहिलं."

डेकवर नांदोर व्हायोलिनच्या तारा लावत होता. काल्मानचा शिष्य. आता म्होरक्या तोच. देझोच्या लेखी इथेच निकाल लागला होता.

"मेलेल्या गुरूची खुर्ची मिळाली की तुला?" देझोने खडा टाकून पाहिला.

"मिळाली. घ्या तुम्ही, काका, हवी असेल तर," नांदोर फणकारला. "मध्यंतरात एकटा पुढच्या डेकवर उभा राहून सिगरेट ओढतो मी. साक्षीदार नाही. लिहा."

"लिहायचं नाही, ऐकायचंय," सिदोनिया म्हणाली. "ते गाणं तू वाजवतोस?"

तो पांढराफटक पडला. "बाई, गाणं ज्याचं त्याचं असतं. दुसऱ्याने ते वाजवायचं एकदाच, त्याच्या कबरीवर. तेव्हा कुठे मेलेला सुटतो. पण त्यासाठी तो कुठे आहे ते माहीत नको? रिकाम्या मातीवर वाजवलं तर बिचारा हिंडत राहतो, असं आमची आजी सांगायची."

"त्या रात्री काय झालं?"

"मध्यंतर संपलं आणि काल्मानदादा आलाच नाही. त्सिंबालोमवाले गाश्पारकाका म्हणाले, 'तो झिंगून खाली पडलाय, तू सुरू कर.' दादाची टोपी नेहमीसारखी त्सिंबालोमवर ठेवलेली होती, म्हणून वाटलं येईल. त्या दिवसापासून मी पुढे उभा राहतोय."

"गाश्पारकाका कधी गैरहजर असतात?"

"काका? औषध घ्यायला मध्यंतरात खाली जातात, तेवढंच. वाजवायला बसले की जागचे हलत नाहीत. तो तराफा अडकला होता ना, त्या दिवशी काय ती परतीच्या वाटेवर त्यांची तार तुटली. अर्धा तास आम्ही त्यांच्याशिवाय रेटलं." एवढ्यात खालून रश्श्याचा वास आला आणि त्याचा चेहरा खुलला. "एतेलवहिनीच्या हाताला तोड नाही. मी बाया गावचा आहे, बाई, डॅन्यूबच्याच काठचा. आमचं अख्खं गाव चौकात किटल्या मांडतं. मला रश्श्यातलं कळतं."

गाश्पार सत्तरीचा, वाळक्या अंगाचा. त्सिंबालोम म्हणजे आपल्या संतूरचा थोरला भाऊ, चार पायांवर उभा. त्यापुढे बसून तो काड्यांना नवा कापूस गुंडाळत होता.

"व्हायोलिन?" तो हसला. "या बोटांना फक्त काड्या धरता येतात, पोरी. पन्नास वर्षं झाली." बोलता बोलता तो अंगठ्याच्या नखाने डाव्या हाताच्या बोटांची टोकं खरवडत होता. थंडीने कातडी निबर झाली असावी, असं देझोला वाटलं.

"रस्सा खाता की नाही, काका?" देझोने आपुलकीने विचारलं.

"नको रे बाबा. काटे निवडत कोण बसतंय! आमच्या मुलखात नदीच नाही, नुसतं माळरान आणि गुरं. आम्ही मांसाच्या गुलाशवर वाढलो." त्याने वर पाहिलं. "एतेल बरी आहे ना? पोरगी फार खंगली."

शेवटी सिदोनिया स्वयंपाकघरामागच्या दोरखंडांच्या कोठीत शिरली. जाळी, बुरशी, वीतभर धूळ. भिंतीतून एक हवेचा नळ वर मागच्या डेककडे गेला होता, आणि त्याचं तोंड नेमकं पाण्याच्या दिशेला उघडत होतं. गोल खिडकीची काच काजळीने काळी झाली होती. फक्त मधोमध तळहाताएवढा भाग स्वच्छ पुसलेला.

"कुणीतरी बाहेर बघतंय," देझो म्हणाला.

"काय बघतंय?"

"नदी."

"नदी बघायला लोक डेकवर जातात, देझो."

*

सात वाजता बोट सुटली. बँडने टेबलं दणाणून सोडली, पाहुण्यांनी पालिंकाचे पेले रिचवले. मार्गित पूल डोक्यावरून सरकला. बँड थांबला आणि वाडगे फिरू लागले.

देझो मागच्या डेकवर एतेलच्या पाठीशी उभा होता. तिच्या अॅप्रनची नाडी त्याने दोनदा मनगटाला गुंडाळली होती. धुक्यातून बेटाचं टोक पुढे आलं. काळी झाडं, ओली काठरेघ.

आणि गाणं आलं.

बारीक, दाबलेलं, पाण्याला लागून सरपटत आल्यासारखं. एक सूर थरथरला, मोडला, पुन्हा उभा राहिला. देझो देवाला फारसा मानत नसे, पण त्याचे ओठ आपोआप हलू लागले.

"आले," एतेल अगदी शांतपणे म्हणाली आणि कठड्याकडे निघाली. "आले रे, थांब जरा."

नाडी ताणली, काचली, फाटली. देझोने तिला कमरेला मिठी मारली. त्या वाळक्या बाईत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. दोघेही कठड्यावर आदळले. खाली काळं पाणी वळसे घेत होतं. मग टोक मागे पडलं, गाणं थांबलं, आणि ती त्याच्या हातांत ढसाढसा रडू लागली.

खाली आल्यावर तिने किटलीत पाहिलं. माशाचा भुगा झाला होता. डाव ओला होता.

सिदोनिया नुकतीच वरून येऊन चुलीशेजारी उभी राहिली होती. "कप्तानला बोलवा," ती म्हणाली. "नांदोरला आणि गाश्पारकाकांनाही. बोट वळून या टोकापाशी पुन्हा यायला अर्धा तास आहे. तेवढा पुरे."

*

पाच माणसं मावणार नाहीत अशा स्वयंपाकघरात सहा जण उभे राहिले. किटलीतून वाफ निघत होती.

"भुताला बोटीची वाट ठाऊक नसते," सिदोनियाने सुरुवात केली. "एकदा बोट बुडाकडच्या अंगाने वर गेली. मध्यंतर झालं, गाणं वाजलं नाही. परत येताना टोकाशी आली, तेव्हा वाजलं. म्हणजे गाणं वेळेला बांधलेलं नाही, एतेललाही नाही. ते जागेला बांधलेलं आहे, टोकाच्या पेस्टकडच्या पाण्याला. वाजवणारा कोठीतल्या काचेतून त्या जागेची वाट बघतो, आणि सूर हवेच्या नळातून पाण्यावर जातो."

"म्हणजे नांदोर!" देझोला राहवलं नाही.

"देझो, तू बिनतिकिटाचे पकड. रश्श्यात डाव कोण घालेल?"

"कोण म्हणजे?"

"एतेल डेकवर धावते. किटली उतू जायला लागते. शेजारच्या कोठीतून बाहेर येणाऱ्याला ते बघवत नाही. जाता जाता तो रस्सा ढवळून देतो. दया येते म्हणून. बाया गावच्या माणसाचा हात डावाकडे जाणार नाही, सेगेदच्याचाही नाही; दोघंही नदीकाठचे. शेवयांवरून ते एकमेकांची डोकी फोडतील, पण मासा मोडणार नाहीत. ढवळेल तो ढवळत शिजवायच्या गुलाशवर वाढलेला."

सगळ्यांच्या नजरा फिरल्या. गाश्पार किटलीकडे बघत होता.

"डावा हात दाखवा, काका. काड्यांनी बोटांच्या टोकांना घट्टे पडत नाहीत. तारा दाबून पडतात. तराफ्याच्या दिवशी तारही तुटली नव्हती. परतीच्या वाटेवर तुम्हाला खाली उतरायचं होतं."

"वाजवलं," म्हातारा पुटपुटला. "पोरवयात शिकलो होतो. जुनं व्हायोलिन कोठीत दडवलंय, आवाज दबावा म्हणून तारांना चिमटा लावतो. महिनाभर तो रोज स्वप्नात येतोय, गाणं मागतोय. गुन्हा आहे का वाजवणं?"

"वाजवणं नाही. पण ते गाणं कबरीवरच वाजवतात, आणि रिकाम्या मातीवर वाजवून चालत नाही. सगळं बुडापेस्ट म्हणतं, काल्मान धक्क्यावरून पडला. तुम्ही धक्क्यावर एकदाही वाजवलं नाही. रोज इथे, याच टोकाशी. तो कुठे आहे, हे तुम्हाला कसं कळलं, काका?"

गाश्पारने डावा हात पाठीमागे लपवला.

"तो झिंगून पडलाय असं सांगणारे तुम्ही एकटेच. त्याची टोपी मध्यंतरानंतरही तुमच्या त्सिंबालोमवर होती. ती पुढे धक्क्याच्या पायरीवर कुणी नेऊन ठेवली?"

गाश्पार हळूच पिंपावर टेकला. "'सोमवारपासून येऊ नका, काका,' म्हणाला. 'हात जड झालेत तुमचे.' ज्याला मी मांडीवर बसवून ताल शिकवला, तो! मी नुसता ढकलला. कठडा ओला होता. त्याने हाकही मारली नाही. मग वर गेलो आणि वाजवत राहिलो. हात थांबतच नव्हते."

एतेल इतका वेळ भिंतीला धरून उभी होती. ती पुढे आली.

"म्हणजे मी घरी गेले तेव्हा..."

"तेव्हा तो बोटीवर नव्हताच," सिदोनिया म्हणाली. "तासाभरापूर्वीच गेला होता. उठवायला तिथे कुणी नव्हतं, एतेल."

एतेलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एका वर्षाचं ओझं असं एका वाक्यात उतरतं तेव्हा माणूस आधी कोसळतो. देझोने तिच्यामागे स्टूल सरकवलं. ती बसली नाही.

"वर्षभर तुम्ही माझ्या हातची कॉफी प्यायलात," ती गाश्पारला म्हणाली. "रोज विचारलंत, 'पोरी, झोप लागते का?' मी कठड्यावर पाय ठेवला, ते तुम्हाला कळलं होतं. आणि तुम्ही काय केलंत? रस्सा ढवळलात!"

कप्तानने धक्क्यावर पोलिसांना बोलवण्यासाठी फोन उचलला.

"टोक येतंय," कुणीतरी वरून ओरडलं.

एतेलने कपाटातून काल्मानचं व्हायोलिन काढलं आणि नांदोरच्या हातात दिलं. "आता माहीत आहे ना तो कुठे आहे? मग वर जाऊन वाजव. सगळ्यांसमोर. तारांना चिमटा लावून सूर दाबू नकोस."

"मी साथ करू?" गाश्पारने विचारलं. "एकदाच, एतेल. हवं तर पाया पडतो."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही इथे बसून ऐकायचं."

इंजिन मंदावलं. वरच्या डेकवर नांदोरने गज टेकवला, आणि वर्षभर घुसमटलेलं ते गाणं मोकळ्या गळ्याने धुक्यावर पसरलं. पाहुण्यांनी हातातले चमचे खाली ठेवले.

एतेल डेकवर गेली नाही. ती डोळे मिटून शेवटच्या सुरापर्यंत उभी राहिली. मग तिने मोडलेला रस्सा ओतून टाकला, नवी किटली चुलीवर चढवली, आणि कडीला धरून ती हळूहळू फिरवायला लागली.