रजईची सावली

हॅम्बुर्गमध्ये आठवडाभर ढग ठाण मांडून बसतात. मग एखाद्या दिवशी अकराच्या सुमाराला असं लख्ख ऊन पडतं, की सगळं गाव बाल्कनीच्या कठड्यावर रजया टाकायला धावतं. त्या दिवशीही तसंच झालं... आणि वीब्के मोबाइल हातात घेऊन तरातरा वरच्या मजल्यावर गेली.

विस्कटलेल्या केसांच्या एका उंच तरुणानं दार उघडलं.

"तुमची रजई माझी वीज खातेय!"

"काय खातेय?"

"खाली माझ्या बाल्कनीला सौर पॅनेल आहे. हा बघा आलेख. अकराला चढला, आणि लगेच हा खड्डा — ही तुमच्या रजईची सावली."

"हॅम्बुर्गात सौर वीज?" त्यानं हसू दाबलं. "त्यापेक्षा छत्र्यांचं दुकान टाकायचं की!"

"ढगातूनही थोडी मिळते. वर्षभर माझा फ्रिज चालतो त्यावर. पण ऊन असतं तेव्हा तरी—"

"मग माझ्या रजईनं कधी ऊन खायचं?"

अर्ध्या तासावर तह झाला. त्या तरुणानं, टोर्बेननं, तो एकदाही पाळला नाही. घरी बसून पुस्तकांची चित्रं काढणारा माणूस, त्याला कसली घाई! ऊन पडलं की खड्डा पडायचा, वीब्के घरी असली की भांडायला वर जायची, आणि वर कॉफी तयार असायची. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. ढगाळ दिवस मात्र तिला जड जायचे. वर जायला निमित्तच नसायचं ना!

सप्टेंबरात तो म्हणाला, "फ्रायबुर्गला नोकरी मिळालीय. तिकडे भरपूर ऊन असतं. सोमवारी निघतोय." मग कॉफी ओतत, "आता तुझ्या आलेखात खड्डा नाही. खूश ना?"

नको जाऊस, एवढंच म्हणायचं होतं तिला.

"हो... खूश," ती म्हणाली, आणि जिना उतरताना स्वतःवरच चिडली.

सोमवारी नेमकं ऊन पडलं. कचेरीत बसून तिनं मोबाइल उघडला. साडेअकरा झाले तरी रेघ वर, सरळ, कुठेही न ढळता. इतकी वीज तिला कधीच मिळाली नव्हती. तिचे डोळे भरून आले. तिनं भराभर लिहिलं, "आज सगळी वीज मिळाली. मला नकोय ती. मला तू हवा आहेस." आणि धीर जायच्या आत पाठवून दिलं.

उत्तर आलं नाही. एक वाजला. ती पुन्हा पुन्हा आलेखच बघत राहिली.

एक वाजून दहा मिनिटांनी रेघ धाडकन खाली आली.

तिनं खिडकीतून वर पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता! ती सायकलवर बसली ती थेट घरापाशीच उतरली. वरच्या कठड्यावर रजई लोंबत होती, आणि तिच्यावर कोपरं टेकून टोर्बेन उभा होता.

"स्टेशनवरून परत आलो," तो वरूनच ओरडला. "तिकडे रोजच ऊन गं! माझ्याशी भांडायला कोण येणार?"

"रजई काढ आधी!" ती रडत-हसत ओरडली आणि जिन्याकडे धावली.