सारजाबाईचा शेक

ते मोबाईल आधी खिशात घाला. ऐकायचं असलं तर नीट ऐका, न्हाईतर घरी जाऊन निजा. ही काय कुणाची ऐकीव गोष्ट न्हाय. अभिमन्यू आमच्याच गल्लीतला, कुंभारीचा. त्याच्या आईला, सारजाबाईला, दवाखान्यात न्यायला माझीच गाडी हुती.

तीन फेब्रुवारी, मंगळवार. म्हातारीला छातीचा कॅन्सर, त्यो हाडात उतरलेला. डावा खुबा पार पोखरला हुता. आठ म्हैने बिचारीला कूस बदलता आली न्हवती. सोलापूरच्या डॉक्टरनं काय ते तोंडावर सांगितलं. "आजी, आजार जाणार नाही. पण मशीनचा, किरणांचा एक शेक दिला की दुखणं जाईल. दोन-चार दिवस उलट वाढेल, घाबरायचं नाही, या गोळ्या घ्यायच्या. पंधरा दिवसांत उतार पडेल. आणि त्या जागेला गरम काही लावायचं नाही."

म्हातारी म्हनली, "एक रात कुशीवर निजू द्या, सायेब. मग देव नेईना का."

अभिमन्यू तवा कुटं हुता? भाईर. फोनवर.

येताना गाडीत मला म्हनतो, "मामा, बाकीच्यास्नी धा-धा शेक देत्यात. आईला एकच का?"

मी म्हनलं, "डॉक्टरला कळतंय की."

"कळतंय कसलं. म्हातारी हाय म्हनून उरकलं."

पोरगं वाईट न्हवतं, बरं का. आईवर लई जीव. पर अर्धवट शहाणं, आनि अशाला कोन समजवायचं.

तिसऱ्या राती दुखनं चढलं. गल्ली जागी झाली. गोळ्या ह्यानं फळीवर ठेवलेल्या, का तर अफूच्या हायत्या, चटक लागंल. आनि शेक... आपल्याकडं शेक म्हंजे काय? पाय मुरगळला की विटकर तापवा, फडक्यात गुंडाळा, लावा. गड्यानं त्येच केलं. दवाखान्यानं कमी दिलेले शेक आपन घरी देऊ म्हनला. डॉक्टरनं खुब्यावर शाईनं चौकोन आखला हुता, नेमका त्याच्यावर.

"अभी, नगं रं. डॉक्टर नगं म्हनलाय."

"तुला काय कळतंय. सोस."

रोज दोनदा. बायको पाय धरायची, ह्यो विटकर दाबायचा. कातडं सुटलं. जागा पिकली. ताप चढला. बारा तारखेला पहाटं म्हातारी ग्येली, शेक दिल्याला नववा दिस. उतानीच ग्येली. मी भिंतीपल्याड सगळं ऐकत हुतो आनि मधी पडलो न्हाई. दुसऱ्याच्या घरात कशाला तोंड घाला म्हनलं. ती लाज मला आजून हाय.

काय गं अंके, सरकलीस का जवळ? बस तितंच.

आता फुडलं मला अभिमन्यूनंच सांगितलं. सतरा तारीख सरून अठरा लागली हुती. रातीचा पाऊन वाजलेला. म्हातारीनं जीव सोडला त्या जागी पणती, शेजारी वाकळ टाकून ह्यो. बायको आतल्या खोलीत. कुत्रंबी भुंकत न्हवतं.

पावलं वाजली.

लंगडती न्हवं. धडधाकट बाई चालती तशी. वाकळंपाशी आली. थांबली. मग हळूच त्याच्या पाठीमागं कुनीतरी आडवं झालं... कुशीवर.

"अभी..."

ह्यानं डोळं गच्च मिटलं.

"थांबलं बघ."

ह्याच्या तोंडातनं कसाबसा आवाज निघाला. "...काय?"

"दुखनं." मानंवर श्वास लागत हुता म्हनं. थंड न्हवं, कोमट. "डॉक्टर खोटं न्हाई बोलला. पंधरा दिस म्हनला. मोजून पंधरा."

...

"सा दिस कमी पडलं रं मला."

त्यो रडाय लागला. मग कमरंवर हात आला. खाली सरकला. डाव्या खुब्यावर थांबला.

"तुला कुटं दुखतंय?"

...

"हितं?"

पणती इजली.

सकाळी आठला माझ्या दारात. "मामा, गाडी काढा. गोळ्या परत देऊन यायच्या." गाडीत बसताना त्यानं डावा पाय हातानं उचलून आत घेतला. मी इचारलं, काय झालं? म्हनला, अवघडलाय.

दवाखान्यात खिडकीवर प्रतिक्षा सिस्टर. चांगली पोरगी. म्हातारी ग्येली ऐकून तिला वाईट वाटलं. "आजींची फाईल बंद करते," म्हनली. फाईल उघडली. पान उलटलं. आनि फाईल आमच्याकडं फिरवली.

"हा कागद कुणी लावला? अक्षर आमच्यातल्या कुणाचं नाही."

अभिमन्यू फुडं झाला न्हाई. मीच वाचला. पेशंटचं नाव, अभिमन्यू. जागा, डावा खुबा. शेक किती, त्यो रकाना मोकळा. खाली नातेवाइकाची संमती.

नातं, आई.

शेजारी निळा अंगठा. मी बोट लावून बघितलं. शाई ओली हुती.